पेटीला सातबारा लागत नाही

१४ मे, मांघर
महाबळेश्वरजवळच्या या गावाला १६ मे २०२२ रोजी 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला, देशात पहिला. पाटी नंतर लागली; सातेरी मधमाश्यांच्या पेट्या घरोघरी आधीपासूनच होत्या. जांभळाचा मध नुकताच काढून झालाय, जिभेवर शेवटी कडसर लागतो. इथल्या एका घरच्या वहिनी पेटीच्या वरच्या खणाच्याच चौकटी काढत होत्या. खालच्या खणात पिल्लं, तिथं हात लावायचा नाही. पावसात फुलोरा नसतो, तेव्हा साखरेचा पाक ठेवावा लागतो. फुकटचा मध म्हणणाऱ्यांनी हा पाक एकदा ढवळून बघावा.

१८ जून, कृष्णाकाठ, मिरज तालुका
उसाच्या दोन फडांमध्ये पांढरं फटफटीत रान. काळी भारी जमीन, वर्षानुवर्षं पाटाने मोकाट पाणी आणि निचऱ्याचं नाव नाही. खालचे क्षार वर आले. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र जवळच आहे, क्षारपड जमिनीवरही काम करतं. चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या जमिनीत जिप्सम घालतात, त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला नाही, तर जिप्सम वाया. म्हणून आधी निचऱ्याचा चर.

हा चर हे रान कसणाऱ्या आक्का आणि त्यांच्या जाऊबाईंनी खणलाय. आज हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला. बांधावर मधमाश्यांच्या चार पेट्या.
"रान मालकाच्या नावावर हाय. पेट्या माझ्या."
शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढून बायकांच्या नावे जमीन करा म्हणून सांगितलं, त्याला तिसाहून जास्त वर्षं उलटली. पाणी किती सोडायचं हे आक्कांना कुणी कधी विचारलं नव्हतं. रान बिघडल्यावर मात्र ते त्यांच्याकडे आलं.

२ ऑगस्ट, तिथेच
उघडीप मिळाली. पंचेचाळीस दिवस झाले, धैंचा गाडायची वेळ. उशीर केला तर खोड निबर होतं, लवकर कुजत नाही. मुलगा ट्रॅक्टर घेऊन आलेला. आक्कांनी बांधालगतच्या दोन सऱ्या राखायला लावल्या.
"आई, तेवढंच खत कमी हुतंय."
"हुंदे. माश्यांना फुलं कुठनं आणू? उसात?"

कुठलीच बाजू चूक नव्हती. दोन सऱ्या राहिल्या. रब्बीला करडई टाकायचं चाललंय, तिला थोडा खार सोसतो. जाताना आक्कांनी मला शेजाऱ्याकडे पाठवलं: फवारणी करायची तर दिवस मावळल्यावर करा म्हणावं, त्यांचं ऐकत नाही तो.