सुम्हुरम : वाऱ्याची वाट पाहणारे बंदर

१/ ओमानच्या दक्षिणेला धोफार प्रांत आहे. तेथील सलालाह शहरापासून किनाऱ्याने पूर्वेकडे सुमारे ४० किलोमीटर गेले की खोर रोरीची खाडी दिसू लागते. काठावरच्या टेकाडावर चुनखडकाची पडकी तटबंदी उभी आहे. हे सुम्हुरम : इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास वसलेले लोबानाचे बंदर. (थ्रेड)

२/ येथे आलेला प्रवासी प्रथम कोड्यात पडतो. म्हणायला हे बंदर. पण खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध आडवा पडलेला आहे. आतल्या संथ पाण्यात रोहित पक्षी उभे असतात, काठावर उंट चरतात. दोन उंच कड्यांच्या मधून समुद्र दिसतो, परंतु आत येत नाही. मग जहाजे कोठून येत असत?

३/ उत्तराचा आरंभ वाऱ्यापासून होतो. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे या किनाऱ्यावर धुके आणि रिमझिम पाऊस आणतात. एरवी करडे असणारे डोंगर हिरवे होतात. पाऊस पुरेसा झाला, तर जवळच्या वादी दर्बातच्या कड्यावरून धबधबे कोसळतात. स्थानिक लोक या ऋतूला ‘खरीफ’ म्हणतात. मराठी शेतकऱ्याचा ‘खरीप’ तो हाच अरबी शब्द.

४/ लोबानाची झाडे मात्र डोंगरापलीकडे, पाऊस जेथे पोहोचत नाही त्या रुक्ष पठारावर चांगली वाढतात. सालीवर घाव घातला की पांढरट चीक पाझरतो. तो वाळून त्याचे खडे होतात आणि ते खरवडून काढतात. विदर्भातील जंगलांत आढळणारी साळई याच कुळातली. भूमध्य समुद्राकाठच्या मंदिरांत जळणारा धूप अशा झाडांच्या जखमांतून येत असे.

५/ या संपत्तीवर ताबा हवा, म्हणून हद्रमौतच्या राजसत्तेने येथे तटबंदीचे नगर उभारले. प्रवेशद्वारातील वाट मुद्दाम अरुंद आणि वळणाची ठेवली आहे. तेथील दगडांवर प्राचीन दक्षिण अरबी लिपीत नगराचे नाव आणि ते राजाज्ञेने वसवल्याची नोंद कोरलेली आहे. आजही प्रत्येक अभ्यागत तिच्या शेजारूनच आत शिरतो.

६/ इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत ‘मोस्खा’ नावाचे बंदर येते. बहुतेक अभ्यासक ते सुम्हुरमच मानतात. लोबानाचे ढीग या प्रदेशात उघड्यावर पडलेले असत, असे तिचा लेखक सांगतो. त्यांवर पहारा देवांचा. राजाच्या परवानगीवाचून एक कण जरी जहाजात चढवला, तरी ते जहाज हलत नसे, अशी समजूत होती. कराची वसुली श्रद्धेच्या आधारे कशी होते, याचा हा सुरेख नमुना!

७/ याच लेखकाने एक मानवी तपशील नोंदवला आहे. भडोच आणि दक्षिण भारताचा किनारा येथून येणाऱ्या जहाजांना ऋतू सरत आला असेल, तर ती हिवाळा मोस्खालाच काढत आणि कापड, धान्य व तेल देऊन लोबान घेत. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांवर लादून भडोचला जाई, हेही तोच सांगतो. तेरच्या मालात कापड पुष्कळ असे. दख्खनच्या मागाचा आणि अरबी लोबानाचा संबंध या बंदरांच्या साखळीतून जुळतो.

८/ हिवाळाभर थांबलेल्या अशा माणसांचे काय उरले? २००६ साली उत्खननात एक खापर सापडले. फुटलेल्या भांड्याचा तो तुकडा कोणीतरी झाकण म्हणून पुन्हा वापरला होता. त्यावर तमिळ-ब्राह्मी लिपीत एक नाव कोरलेले आहे : ‘नंतै कीरन’. राजाचे नाव वेशीवरच्या दगडात राहिले. कीरनचे नाव मातीच्या तुकड्यावर. दोन्ही आज सारख्याच आदराने वाचली जातात.

९/ इ. स. पाचव्या शतकात नगर ओस पडले. खाडीचे मुख वाळूने बुजत गेले, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. जहाजे याच मुखातून आत येत असत. कोड्याचे उत्तर प्रवाशाच्या समोरच पसरलेले आहे. तट पुष्कळसा उभा राहिला, पण बंदर नाहीसे झाले. रक्षण ज्याचे केले ते नगर होते. जगवणारी मात्र ती उघडी वाट होती.

१०/ २००० साली हे अवशेष जागतिक वारसा यादीत आले. प्रवाशाने येथे दगड जरूर पाहावेत; मग तटापाशी उभे राहून थोडा वेळ समुद्राकडे तोंड करावे. धोफारचे डोंगर हिरवे करणारे मोसमी वारे सह्याद्रीवरही पाऊस घालतात. कीरनसारखी माणसे घरी परतण्यासाठी ज्याची वाट पाहत होती, तो हाच वारा.