नवाबाच्या शिकारीचं रान

पेणला गणपतीचे कारखाने पाहिले, पोह्याचे पापड घेतले आणि आम्ही रोह्याला सासरी पोचलो. दुसऱ्या दिवशी बेत होता फणसाडचा. रोहे-मुरूड भागातलं हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान. १९८६ साली ते अभयारण्य झालं.

वाटेत मुलांनी मामंजींना विचारलं, "आजोबा, सांबराला केवढी बंदूक लागायची?"

"सांबराचा नर दोन-अडीचशे किलोंचा असतो रे! छऱ्यांनी तो पडत नाही. जखमी होऊन रानात शिरतो नि तडफडत मरतो. म्हणून जाणते शिकारी मोठ्या नळीची रायफल घ्यायचे. गोळीही उघड्या शिशाच्या टोकाची. ती आत शिरली की फुलते. कडक गोळी आरपार निघून जाते."

ऐकून अंगावर काटा आला. पण गावठी ठासणीच्या बंदुकीनं होणारे हाल त्याहून वाईट! १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आली, ते बरंच झालं. रानडुकरं भात तुडवतात तेव्हा शेतकरणीचा जीव तुटतो, हेही खरं. तिनं पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागावी. बंदूक हा उपाय नव्हे.

इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. तिथल्या चिखलात सांबराचे खूर उमटलेले दिसले. मुलं तेवढ्यावरच खूश!

तुम्ही गेलात तर हिवाळ्यात, भल्या सकाळी जा. भडक कपडे नकोत, पिण्याचं पाणी बरोबर हवं. नवाबानं स्वतःच्या हौसेसाठी राखलेल्या झाडांची सावली आज आपल्या मुलांना मिळते आहे.