न्यू जर्सीचं घड्याळ

बदलापूरच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत दोन घड्याळं आहेत. मोठं आपल्या वेळेचं. शेजारचं लहान, पांढऱ्या तबकडीचं, ते न्यू जर्सीचं, म्हणजे धाकट्या दिरांचं. खाली चिकटपट्टीवर सासऱ्यांनी बॉलपेनने तसं लिहिलंय, पण घरात त्याला ‘तिकडचं’ एवढंच म्हणतात. उल्हासनगरच्या बाजारात ते घेतलं तेव्हा दुकानातल्या सिंधी काकांनी आधीच विचारलं, कुठल्या देशाची वेळ लावून देऊ? त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर दुबई होती. दुबईचं बरं असतं. वर्षभर दीड तास मागे, काट्यांना हात लावायला नको.

तिकडचं आमच्या घड्याळाशी कधीच जुळत नाही. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि त्यातल्या अर्ध्या तासामुळे दोघांचे मिनिटकाटे सतत विरुद्ध दिशांना असतात. याचा बारावर आला की त्याचा सहावर. शिवाय तबकडी बारा तासांची, त्यामुळे दिवस की रात्र हे ते सांगत नाही. ते सासूबाई सांगतात. पावसाळ्यात आपल्याकडे सकाळचे आठ आणि तिथे साडेदहा दिसले, की म्हणतात, “आता नको फोन, तो निजायला गेला असेल.”

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. इथे शनिवारची सकाळ, तिकडे अजून शुक्रवारची रात्र. टीव्हीवर गाडीभोवतीचं पाणी दिसत असतानाच दिरांचा फोन आला, “आई, पाणी कुठवर आलंय?” सासूबाईंनी आधी भिंतीकडे पाहिलं आणि उलट त्यालाच विचारलं, “अरे, तू अजून जागाच?”

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. साडेनऊ तासांचा फरक साडेदहाचा होतो. दिवाळीच्या आसपासच हे येतं, म्हणून भाऊबीजेला नणंद ओवाळायला बसण्याआधी सासरे स्टुलावर चढून मागची चकती फिरवून ठेवतात. हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

त्या एका तासाने माझी संध्याकाळ बदलते. आमच्या कंपनीची रोजची मीटिंग तिकडच्या सकाळी दहाला. उन्हाळ्यात ते आपले साडेसात. म्हणजे मी डोंबिवली आणि अंबरनाथच्या मध्ये कुठेतरी, लेडीज डब्यात, एका हातात कडी, कानात इअरफोन. बोलायची पाळी आली की उल्हासनगरला उतरणाऱ्या बायकांचा रेटा. नोव्हेंबरपासून तीच मीटिंग साडेआठला. मी घरी पोचलेली असते, कुकर आधीच उतरवलेला असतो. कॅलिफोर्नियाचे लोक तर उन्हाळ्यात ‘शुक्रवारी दुपारी चार’ म्हणून मोकळे होतात, इथे शनिवारची पहाट झालेली असते, साडेचार.

एका गावात दोन वेळा, हे मुंबईकरांना नवं नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे चालणारी आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. पण तो शहराचा स्वतःचा हट्ट होता. आज आमच्याकडे रात्री जागायचं ते दुसऱ्याच्या सोयीसाठी, आणि ते नेहमी इकडच्याच माणसाने जागायचं हे मला पटत नाही. तिकडच्या घड्याळाकडे आमच्या घरात सगळे बघतात. आमच्याकडच्या घड्याळाकडे तिकडून कोण बघतं?

मीटिंग ठरवणाऱ्यांना म्हणूनच सांगणं आहे. आमंत्रणात वेळेबरोबर वार लिहा, भारतीय वेळ लिहा, आणि उशिराची पाळी आलटून पालटून घ्या. एक महिना आम्ही जागू, एक महिना तुम्ही. बदलापूरहून सकाळची लोकल पकडायची तर आम्हाला पाचला उठावं लागतं.