अंदाजाचं माप

लातूरच्या मोंढ्यात माझं अडतीचं दुकान आहे. सोयाबीनच्या कट्ट्याचं वजन शंभर ग्रॅमने इकडेतिकडे झालं तरी शेतकरी आणि मी, दोघंही काट्याकडे बघतो. त्याच काट्यापासून दहा हातांवर झोपणाऱ्या माझ्या कुत्रीला मात्र मी तीन वर्षं जंताचं औषध नुसत्या नजरेने मापून पाजलं.

बिजली पश्मी जातीची. चाकूर तालुक्यातल्या जानवळची. तिकडे कारवान आणि पश्मी कुत्री पाळण्याचा नाद जुना आहे. अंगावर मांस नाही, पाय लांब, कानांना केसांची झालर. रात्री दुकानात बारदान्याच्या थप्पीवर झोपायची.

पहिल्यांदा पाहिलं ते एका हमालाने. "मालक, हिच्या शेपटीखाली तांदूळ चिकटलाय." मग जवळ वाकून ओरडला, "ह्यो तांदूळ हलायलाय की!"

घरात शेळ्यांचं जंताचं पातळ औषध होतं. कुत्री दिसायला शेळीएवढी, म्हणून एक बूच. चार दिवस काही दिसलं नाही, मी खूश. महिनाभरात तांदूळ परत. मग दीड बूच. आई म्हणाली वावडिंग दे, ते दिलं. कुणीतरी लसूण सांगितला, तोही भाकरीत कुस्करून घातला. कांद्या-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. विचारलंही नाही म्हणा. उलट औषधवाल्याला चार माणसांत म्हणालो, "डुप्लिकेट माल देतोस." त्या माणसाची माफी अजून मागितलेली नाही.

मार्गशीर्षात तिला माळेगावच्या यात्रेला नेलं. खंडोबाची यात्रा, देवाच्या पायाशीच कुत्रा. तिथे आपल्या कुत्रीला चार माणसांनी वाखाणावं ही हौस. एका म्हाताऱ्या कुत्रेवाल्याने पाठीवरून हात फिरवला, पाय पाहिले आणि सहज तिचा ओठ वर केला. हिरड्या चुन्यासारख्या. "रगत कुठंय हिच्यात?" एवढंच म्हणाला आणि पुढच्या कुत्र्याकडे गेला. तीन वर्षांत मी तिचा ओठ एकदाही उचलला नव्हता. शेपटीखाली दिसतं तेवढाच जंत, असं माझं गणित.

मग उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. डॉक्टरांनी आधी वजन विचारलं. मी म्हणालो पंधरा किलो. काट्यावर 23 किलो 400 ग्रॅम भरली. रोज कट्टे तोलणारा माणूस मी! मान खाली घालून उभा राहिलो.

विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर अंकुशकृमीची अंडी. हा जंत आतड्याला दात रोवून रक्त पितो आणि शेपटीखाली कधी दिसत नाही. मधूनमधून तिची विष्ठा डांबरासारखी काळी व्हायची, ते मी खाण्यावर ढकललं होतं. तांदूळ म्हणजे वेगळाच प्राणी, फीतकृमीचे तुटलेले तुकडे. त्याला प्राझिक्वांटेल लागतं. शेळ्यांच्या औषधाच्या बुचाचा त्यावर भरवसा नाही.

"पिसवा आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणालो. त्यांनी फणी फिरवली, पडलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले. कापसावर लालसर डाग पसरले. पिसवांची विष्ठा, म्हणजे बिजलीचंच रक्त. फीतकृमीची अंडी पिसवेची अळी खाते, पुढे ती पिसू अंग चाटताना कुत्र्याच्या पोटात जाते, आणि तीनेक आठवड्यांत तांदूळ हजर. पिसवांच्या अळ्या वाढायच्या माझ्या बारदान्यात. मी वरून औषध ओतत होतो आणि खालून बी पेरत होतो.

इथवरच्या चुका माझ्या अज्ञानाच्या. पुढची तशी नाही.

बिजली सुधारली, वर्षाने गाभण राहिली. सहा पिल्लं झाली. आईला विण्याआधी गोळी दिली होती, त्यामुळे पिल्लं स्वच्छ, असं धरून चाललो. गोलकृमीच्या अळ्या आईच्या मांसात निपचित पडून असतात, साध्या गोळीने मरत नाहीत. गाभणपणात त्या जाग्या होतात आणि नाळेतून पोटातल्या पिल्लांत शिरतात, नंतर दुधातूनही जातात. म्हणून पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी औषध द्यायचं. हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं. पण तुरीचा हंगाम होता, आणि दीड महिन्याने लशीला न्यायचंच आहे, तेव्हा एकदमच देऊ, असं ठरवून टाकलं.

चौथ्या आठवड्यात पिल्लांची पोटं नगाऱ्यासारखी झाली. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचो, "दूध कसं उतरलंय बघा." पाचव्या आठवड्यात एकाने शेवयांसारखा गुंता ओकला. तेव्हाही काटा समोर असताना मी बिजलीची गोळी चुरली आणि चिमटी-चिमटीने सहा जणांत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गेली. डॉक्टरांनी एकाचं पोट उघडून दाखवलं. आतड्यात जंतांची अक्षरशः सुतळी वळलेली होती.

उरलेल्या चौघांना तोलून, प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे औषध झालं. बारदाना उन्हात टाकला, थप्पीवर झोपणं बंद केलं. अंगणातली विष्ठा आता रोजच्या रोज उचलतो. गोलकृमीची अंडी पडल्यापडल्या बाधत नाहीत, त्यांना मातीत दोनेक आठवडे लागतात. तेवढ्यात उचललं की झालं. राहिली तर वर्षानुवर्षं मातीत टिकतात. माणसाच्या लेकराच्या पोटात गेली तर अळी कधीकधी डोळ्यापर्यंत पोचते. माझा नातू त्याच अंगणात रांगत होता.

एक पिल्लू नांदेडला बहिणीकडे दिलं. तिने विचारलं, "दादा, जंताचं सगळं झालंय ना?" मी म्हणालो, "वेळच्या वेळी." मेलेल्या दोघांचं तिला सांगितलं नाही. परवा तिचा फोन आला, पिल्लू बूड घासत चालतंय, घरात उरलेली अर्धी गोळी आहे, देऊ का? मी तिला आधी त्याला उचलून घरच्या वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं, मग एकटीलाच. ती हसायला लागली. तेव्हा मग त्या दोघांचंही सांगितलं.