एकतीस खोकी

लेस्टर शहरातील जुन्या घरांना माळा असतो. परंतु आपल्या वाड्यातील माळ्यासारखा तो सदैव नजरेसमोर नसतो. वरच्या मजल्याच्या छताला एक चौकोनी झडप असते. आकडा लावलेल्या काठीने ती ओढली की शिडी खाली उतरते, आणि झडप पुन्हा लावली की वर काय ठेवले आहे याची आठवणही बंद होते. २०२४ च्या एप्रिल महिन्यात, आमच्या चिरंजीवांच्या घरी, मी त्या शिडीवरून वर गेलो तेव्हा विजेरीच्या उजेडात प्रथम दिसले ते माझे स्वतःचेच अक्षर. ‘अ. क्र. १४ – पितळी – जड.’ सहा वर्षांपूर्वी सांगलीत लिहिलेले. खोक्यावरील चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

चिरंजीव २०१८ साली नोकरीनिमित्त सहकुटुंब इंग्लंडला गेले, तेव्हा सामान पाठविण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले होते. बँकेत असताना शाखेच्या स्थलांतराचे दोन प्रसंग मी पार पाडले होते. डेडस्टॉक रजिस्टर समोर ठेवून प्रत्येक खुर्ची, प्रत्येक रबरी शिक्का मोजून घेण्याची सवय अंगी मुरलेली होती. घर हलविणे म्हणजे त्याचीच लहान आवृत्ती, असा माझा समज. सूनबाई म्हणत होत्या, “अप्पा, तिकडे सगळं मिळतं. चार बॅगा पुरे होतील.” मी ऐकले नाही. त्यात समुद्रमार्गाचा हिशेब मोहात पाडणारा निघाला. सामायिक कंटेनरमध्ये घरगुती सामानाचे भाडे व्यवहारात घनमीटरवर आकारले जाते, वजनावर नव्हे. म्हणजे पितळेची घागर आणि तेवढ्याच आकाराची उशी यांचे भाडे सारखेच! व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला असा दर दिसल्यावर घागर मागे ठेवणे जमत नाही. एकतीस खोकी झाली. सुमारे चार घनमीटर. न्हावाशेवा बंदरातून ती रवाना झाली, तेव्हा मला मोठे कर्ज वेळेत वसूल झाल्याचे समाधान वाटले होते.

तिकडच्या नियमाप्रमाणे, परदेशातून राहावयास येणाऱ्याचे सहा महिन्यांहून अधिक काळ वापरातील घरगुती सामान, आगाऊ अर्ज करून मंजुरी घेतल्यास, करमुक्त नेता येते. तो अर्जही मीच भरला. खोकी पोहोचली, आणि त्यांतील अठरा झडपेतून वर गेली. ती मी पुन्हा पाहिली ती आता, चिरंजीवांनी परत येण्याचे ठरविल्यावर. थोरल्या बंधूंची हळदीची अडत सांभाळावयास घरातील तरुण माणूस हवे होते. आवराआवरीला मदत म्हणून मी व सौ. तीन महिन्यांसाठी लेस्टरला गेलो.

ते शहर सामानाचा विचार करावयास मोठे विलक्षण आहे. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकाने ओळीने आहेत. आपल्या बाजारपेठेतून चालल्यासारखे वाटते. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुन्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या वास्तूत जैन सेंटर आहे. १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. बांधकामात जैसलमेरचा पिवळसर दगड आणि पांढरा संगमरवर. आणि श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी अशा सर्वांसाठी एकाच छपराखाली जागा. एवढा दगड समुद्रापार नेणाऱ्या समाजातील बरीच माणसे मात्र स्वतः जवळजवळ रिकाम्या हातांनी त्या गावात आली होती. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी नव्वद दिवस दिले. कुटुंबामागे जेमतेम पन्नास-पंचावन्न पौंड आणि थोडके सामान नेण्याची मुभा होती. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्या गावी येऊ नका’ असे कळविले होते. तरी लोक आले, आणि आज शहर त्यांचा अभिमान सांगते.

चिरंजीवांच्या शेजारच्या घरातील बा याच लोकांपैकी. कंपाला येथील दुकान, वखार, दोन मजली घर मागे टाकून एका बॅगेनिशी त्या आल्या. मला वाटले होते की एवढे सर्व गमावलेल्या व्यक्तीची वस्तूंवरील आसक्ती सुटली असेल. एकदा त्यांच्या माळ्यावरून गळती पाहावयास आम्हांला बोलाविले, तेव्हा वर दह्याचे रिकामे प्लास्टिकचे डबे एकात एक घालून छतापर्यंत रचलेले दिसले. शेकडो असावेत. मी काही बोललो नाही. बाच म्हणाल्या, की टाकावयास हात उचलत नाही. पहिल्या वर्षी पीठ ठेवावयास एक डबा नव्हता.

असो. आमच्या घराची आवराआवर सुरू झाली. मी नोंदवही आखली: अनुक्रमांक, वस्तू, खरेदीचे साल, आजची किंमत, शेरा. ही वही केवळ हौसेची नव्हती. भारतात परतताना कस्टमला अशीच यादी द्यावी लागते. आमच्या वेळी २०१६ चे नियम लागू होते. दोन वर्षे वा अधिक काळ परदेशी राहून कायमचे परतणाऱ्यास वापरातील घरगुती सामान पाच लाख रुपयांपर्यंत करमुक्त होते. मात्र त्या दोन वर्षांत भारतातील मुक्काम एकंदर सहा महिन्यांहून अधिक झालेला नसावा, आणि मागून येणारे सामान आपण पोहोचल्यापासून महिन्याच्या आत रवाना झालेले असावे, अशा अटी होत्या. मोठ्या टीव्हीसारख्या काही वस्तू या सवलतीत बसत नव्हत्या. असे नियम बदलत राहतात. ज्या घरांतील मुले परत निघाली असतील त्यांनी चालू नियम पाहूनच खोकी भरावीत. आणि बॅगा उघडण्यापूर्वी पासपोर्टवरील शिक्के मोजावेत. लग्नकार्यासाठी वारंवार येणाऱ्यांचे सहा महिने नकळत भरतात.

विमानाने थोडे सामान पाठवावे असा विचार होता, पण तेथे हिशेब नेमका उलटा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहा हजारांनी भागावे. येणारा आकडा प्रत्यक्ष वजनाहून जास्त असेल तर भाडे त्यावर. सौ. ने दोन वाकळी एका साठ-पंचेचाळीस-पंचेचाळीसच्या खोक्यात बसविल्या. काट्यावर वजन नऊ किलो, भाड्यासाठी वीस. जुन्या लुगड्यांची ती वाकळ माझ्या आईने शिवलेली. सौ. ने ती खोक्यातून काढली, घडी घातली आणि आपल्या हातातील बॅगेत कोंबली. तिच्या चार नव्या साड्या लेस्टरला राहिल्या.

तिकडे वस्तू देऊन टाकणेही सोपे नाही. धर्मादाय संस्थांची दुकाने गल्लोगल्ली आहेत. कपडे, पुस्तके, भांडी ते आनंदाने घेतात. सोफा मात्र नाकारला. १९८८ पासून तेथे सोफ्यावर अग्निसुरक्षेची पट्टी शिवलेली असावी लागते, आणि ती पट्टी दिसावयास वाईट म्हणून घरात कोणीतरी कापली होती. चांगला सोफा, पण कागदपत्र अपूर्ण! माझ्या अनेक कर्जप्रकरणांची आठवण झाली. शेवटी पैसे भरून तो नेववावा लागला. मिक्सर आणि इस्त्री यांची अडचण नव्हती, विजेचा दाब दोन्हीकडे सारखाच; केवळ त्यांची चौकोनी तीन दांड्यांची पिन बदलावयाची. उलट वॉशिंग मशीन आणण्यात काही अर्थ नव्हता. घसारा वजा जाता तिची किंमत भाड्याहून कमी होती.

ज्यांचा निर्णय होईना अशा वस्तू मी बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवू लागलो. त्या कोपऱ्याला मी ‘उचंत खाते’ म्हणत असे. उचंत खात्याचा गुणधर्म बँकेतल्यांना ठाऊक आहे: तात्पुरते म्हणून उघडते आणि वाढत जाते. खोके क्रमांक १४ तेथेच होते. सहा वर्षे न उघडलेली वस्तू परत नेणे म्हणजे मूर्खपणाचे दोनदा भाडे भरणे, असे माझे मत झाले होते. पितळ मोडीत द्यावे म्हणून एके संध्याकाळी मी चिकटपट्टी कापली. घागर, कडीचा डबा, शेर, मापटे. सर्वांत तळाशी, खोक्याचा बूड कच्चा वाटला म्हणून टणकपणासाठी मी २०१८ साली घातलेली दोन लाल कापडी बाडे. वडिलांच्या दुकानाच्या रोजकीर्दी.

येथे सांगलीकडे परतले पाहिजे. आम्ही ती खोकी पाठविल्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. आमच्या वाड्याचा खालचा मजला पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर गल्लीत दुतर्फा गाद्या, कपाटे, फुगलेली दारे, लग्नाचे अल्बम, हळदीची चिखल झालेली पोती यांचे ढीग लागले होते. कोणते कोणाचे हे ओळखू येत नव्हते. डागडुजीसाठी माळ्यावरून खाली काढून ठेवलेली वडिलांची चाळीसएक बाडे त्यांत गेली. थोरले बंधू त्यांतील एक उन्हात वाळवीत बसले होते. पाने पापडासारखी एकमेकांना चिकटली. आईचे पितळही गाळात रुतून नाहीसे झाले. घरात तिची म्हणून एक वस्तू उरली नाही, असे आम्ही पाच वर्षे म्हणत होतो; आणि ती लेस्टरच्या माळ्यावर, माझ्याच अक्षराखाली, कोरडी ठणठणीत बसली होती.

मी त्याच रात्री बंधूंना दूरध्वनी केला. एका पानावरील नोंदी वाचून दाखविल्या: हळद इतकी पोती, तोलाई, हमाली, धर्मादाय. पलीकडून ते मधूनच पुढचे नाव स्वतःच सांगत. मग म्हणाले, “तूच आण. कंटेनरात घालू नकोस.” बाडे माझ्या मांडीवर बसून मुंबईला आली.

या घटनेमुळे माझ्या नोंदवहीवरचा माझा विश्वास डळमळावयास हवा होता. तसे झाले नाही. उलट, उरलेल्या दहा दिवसांत मी अधिकच झपाट्याने शेरे मारू लागलो. खोकी एकोणीसवर आणायची होती. नात तेव्हा सात वर्षांची. जन्मानंतर वर्षभरातच ती लेस्टरला गेलेली. तिच्या पलंगाखाली बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा मिळाला. आत ब्रॅडगेट पार्कमधून आणलेले खडे, चेस्टनटच्या तपकिरी बिया, बसची तिकिटे, कसल्याशा फिती. बिया आणि माती लागलेले खडे देशाबाहेर नेताना अडचण येते, हे खरे आहे. परंतु मी तिला ते सांगितलेही नाही आणि विचारलेही नाही. ती शाळेत होती. ऐवज बागेतील कचऱ्याच्या पेटीत ओतला, आणि डबा मजबूत दिसला म्हणून पलंगाचे खिळे-स्क्रू त्यात भरले. नोंद केली: ‘अ. क्र. १७ – पत्र्याचा डबा, स्क्रूसह.’

आम्ही जूनमध्ये सांगलीला आलो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत होती. सामानाला नऊ आठवडे लागले. त्या नऊ आठवड्यांत त्या एकोणीस खोक्यांतील एकाही वस्तूवाचून कोणाचे अडले नाही, हे मी सौ. ला बोलून दाखविले. तिने उत्तर दिले नाही.

खोकी वाड्याच्या सोप्यात उघडली. घागर बंधूंनी स्वतः चिंचेने घासली. नात प्रत्येक खोक्यात डोकावत होती. निळा डबा दिसताच तिने तो उचलला, हलविला. आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला. झाकण उघडून तिने आत बराच वेळ पाहिले. “आजोबा, माझे कुठे ठेवले तुम्ही?”

मी बियांचा नियम सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला. “आणि तिकिटं?” तिकिटांचा नियम मजजवळ नव्हता.

स्क्रू मी आता एका बरणीत काढून ठेवले आहेत. डबा धुऊन तिच्या टेबलावर ठेवला. तो अजून रिकामा आहे. नोंदवहीत अनुक्रमांक १७ समोर पूर्वीचा शेरा खोडला आहे; नवा लिहिलेला नाही.