छोंगछिंगचे उकळते पातेले

चीनच्या नैर्ऋत्य भागात यांगत्सी आणि च्यालिंग या नद्यांच्या संगमावर, डोंगरउतारांना बिलगून छोंगछिंग हे महानगर वसले आहे. उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो. तरीही भर उन्हाळ्यात येथील लोक घाम पुशीत उकळत्या पातेल्याभोवती बसलेले दिसतात. या भोजनाला ‘हुओ-क्वो’ म्हणतात. हुओ म्हणजे अग्नी, क्वो म्हणजे पातेले.

हे मूळचे श्रीमंतांचे पक्वान्न नव्हे. नदीकाठच्या धक्क्यांवरील नावाडी व हमाल यांच्यात त्याचा जन्म झाला, असे मानतात. चांगले मांस ज्यांना परवडत नसे, ते गुरांची वजडी व आतडी स्वस्तात घेऊन चरबी आणि मिरचीच्या रश्श्यात शिजवीत. वजडीचा तुकडा खाण्याच्या काड्यांत धरून रश्श्यात बुचकळावयाचा. दहा-पंधरा सेकंद पुरेत, अधिक राहिला तर तो चिवट होतो. मग ठेचलेली लसूण घातलेल्या तिळाच्या तेलात बुडवून तोंडात टाकावयाचा. जिभेला झिणझिण्या आणणारा येथील मसाला आपल्या कोकणातील तिरफळाच्याच जातकुळीतला आहे. मिरची मात्र आपल्याप्रमाणे त्यांच्याकडेही अमेरिका खंडातून आलेली!

पण एकाच पातेल्यात सर्वांच्या काड्या? उष्ट्याखरकट्याचा विधिनिषेध पाळणाऱ्या आपल्या घरांत ही शंका निघणारच. छोंगछिंगची जुनी तोड मला मोठी शहाणपणाची वाटते. पातेल्यात नऊ खणांची चौकट बसवीत आणि अख्खे पातेले न परवडणारी अनोळखी माणसे एकेक खण वाटून घेत, असे सांगतात. रस्सा सर्वांचा, खण ज्याचा त्याचा. आज हे खण निराळ्याच कामी येतात: मधल्या खणात उकळी जोराची, म्हणून तेथे वजडी, कोपऱ्यांत आच मंद, तेथे सावकाश शिजणारे जिन्नस.

सारा चीन मात्र असे तिखट खात नाही. बीजिंगमध्ये मधोमध धुराडे असलेले तांब्याचे भांडे कोळशावर तापते. त्यातील जवळजवळ साध्या पाण्यात मेंढीच्या मांसाचे अतिशय पातळ काप क्षणभर धरतात व वाटलेल्या तिळाबरोबर खातात. १९०३ साली स्थापन झालेले तुंगलायशुन हे उपाहारगृह याकरिता प्रसिद्ध आहे.

दक्षिणेकडील युनान प्रांतात पावसाळ्यात रानातील अळंब्यांचे पातेले चढते. यांतील काही जाती कच्च्या राहिल्यास विषबाधा होते. म्हणून कित्येक उपाहारगृहांत घड्याळ लावून ठेवतात, आणि वेळ भरेपर्यंत पाहुणा कितीही भुकेला असो, त्याच्या हाती काड्या देत नाहीत.