गाडी उलाळ नको

चोपडा,
आखाजीनंतरचा सोमवार

चि. नितीन,

ओढली जाणारी गाडी रस्त्यावर डुलते ती पुढच्या इंजिनात ताकद कमी पडते म्हणून नव्हे. मागच्या गाडीतले वजन चुकीच्या जागी पडलेले असते आणि पुढची गाडी त्या वजनाला धरून ठेवण्याइतकी लांब, जड व ताठ नसते, म्हणून ती डुलते. ओढणे वेगळे आणि आवरणे वेगळे. ओढण्याचा आकडा विकणारा सांगतो, आवरण्याचा घेणाऱ्याने शोधायचा असतो. रविवारी डेन्व्हरहून फोनवर कॅम्पिंग ट्रेलरबद्दल जे वाक्य ऐकू आले, ‘थोडं डुलतं आप्पा, पण सवय होते,’ त्यात हा फरकच कुणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. डुलण्याची सवय माजघरातल्या झोपाळ्यावर करावी, मागच्या सीटवर दोन लेकरे बसवून नव्हे.

बैलगाडीच्या काळात ही विद्या खानदेशात पोरासोरांनाही येत होती. कपाशी भरताना ओझे आखाच्या मागे गेले की गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उठते, गळ्याखालचा पट्टा काचतो आणि बैल ओढण्याऐवजी टांगल्यासारखे चालतात. ओझे फार पुढे आले तर त्याच माना खाली दबतात. म्हणून गाडी भरून झाली की जाणता माणूस जू हाताने उचलून बघायचा. ते किंचित जड लागले पाहिजे. अमेरिकेत त्या ‘किंचित’ला टक्के लावले आहेत, एवढेच. पिकअपच्या मागच्या हुकाला जोडायच्या कॅम्पिंग ट्रेलरचे सामानासकट जे वजन भरेल, त्याच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा, असा तिथला नियम आहे. त्याहून कमी भरला तर ट्रेलर उलाळ, आणि उलाळ ट्रेलर हमखास डुलतो.

याचे कारण असे. पिकअपचा हुक मागच्या आखाच्याही बराच मागे असतो. वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकच्या झोताने ट्रेलरचे नाक डावीकडे ढकलले गेले, की पिकअपची शेपटी डावीकडे जाते आणि तोंड उजवीकडे वळते. आखापासून हुकापर्यंतचे अंतर पहारीसारखे काम करते. मग टायर पकड घेतात, ट्रेलर परत येतो, पण मध्यावर न थांबता पलीकडे जातो. वेग कमी असेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होतो आणि हेलकावा आपोआप मरतो. प्रत्येक जोडीला एक ठरावीक वेग असतो. त्याच्या वर झोका मरत नाही, वाढत जातो. घात इथे आहे. ताशी 80 किलोमीटरला शहाणी वाटणारी जोडी 100 ला हाताबाहेर जाऊ शकते, आणि मधल्या विसात ती कसलीही सूचना देत नाही.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात गाडी आणि ट्रेलरच्या जोडीवर प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. ट्रेलरमध्ये वजन कसे पसरले आहे, हुकावर किती आहे आणि आख कुठे आहे, यांवर स्थैर्य सगळ्यात जास्त अवलंबून असते, असे त्यांत दिसले. कापसाची गाडी भरणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

वजन पसरण्याचा मुद्दा कावडीवरून समजतो. दोन टोकांना दोन घागरी असलेली कावड खांद्यावर फिरू लागली की थांबवणे कठीण. त्याच दोन घागरी छातीशी धरल्या तर माणूस जागच्या जागी वळतो. ट्रेलरमध्ये जड सामान आखाजवळ आणि तळाशी ठेवायचे ते यासाठी. मागच्या बंपरवर चार सायकली टांगणे म्हणजे कावडीचे मागचे टोक जड करणे. (रविवारी पाठवलेल्या फोटोत त्या तिथेच टांगलेल्या आहेत.) पाण्याची टाकीही बघावी लागते. 40 गॅलनची टाकी भरली की सुमारे 150 किलो होतात, आणि ती आखाच्या पुढे आहे की मागे हे मॉडेलागणिक बदलते. मागे असेल तर भरलेल्या टाकीने हुक हलका होतो.

आता पिकअपची निवड. जाहिरातीत छापलेला ओढण्याचा आकडा ‘जे2807’ नावाच्या प्रमाण-चाचणीतून येतो. या चाचणीत अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांब चढ गृहीत धरतात, एसी चालू ठेवून तो ठरल्या वेगाने चढावा लागतो, आणि पिकअपमध्ये प्रत्येकी 150 पौंडांची दोनच माणसे धरतात. आकडा खोटा नसतो, पण तो दोन माणसांच्या संसाराचा असतो. चार जणांचे कुटुंब, सामान आणि हुकावरचा भार हे सगळे पिकअपच्याच चाकांवर येते. त्याची मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेली असते: माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा हे दार उघडायचे, बॉनेट नंतर.

हिशोब करून बघू. भरलेला ट्रेलर 7,000 पौंडांचा, म्हणजे 3,175 किलो. त्याचे 13 टक्के धरले तर हुकावर सुमारे 413 किलो. वजन विभागणारी हुकाची जोडणी 45 किलो. आई, बाप, दोन मुले मिळून 240 किलो. एकूण 698. आणि पट्टीवर 1,550 पौंड लिहिले असतील तर मर्यादा 703 किलोची. उरले पाच किलो. सूनबाईंनी इथून नेलेले मांड्यांचे खापर, कळण्याचे पीठ, बर्फाची पेटी, जनरेटर आणि तो कुत्रा यांनी त्या पाच किलोंत मावायचे आहे. त्याच पिकअपची ओढण्याची क्षमता मात्र 11,000 पौंड सांगितली जाते, आणि ऐकणारा खूष होतो.

पट्टीनंतर दोन आखांमधले अंतर. ते जितके जास्त, तितकी हुकाची पहार निकामी. फोर्ड एफ-150 च्या चार दारांच्या मॉडेलात लहान हौद्याला हे अंतर सुमारे 145 इंच भरते, साडेसहा फुटी हौद्याला 157. ट्रेलर ओढायचा असेल तर लांब हौदा घ्यावा. पार्किंगची अडचण ही अडचण नव्हे. टायरही महत्त्वाचे. मोटारीच्या धाटणीचे मऊ टायर बाजूने लवतात आणि झोक्याला वाव देतात. हलक्या ट्रकचे ताठ बाजूंचे टायर तेवढे लवत नाहीत.

सात हजार पौंडांचा ट्रेलर, चार माणसे आणि डोंगरी रस्ता एवढे ठरलेले असेल, तर एफ-150 च्या वरचा वर्ग घ्यावा: एफ-250, सिल्व्हराडो 2500, रॅम 2500. त्यातही पेट्रोल इंजिन. डिझेल इंजिन ओढायला दांडगे, पण स्वतःच इतके जड की पट्टीवरची मर्यादा त्याने घटते. एवढा खर्च झेपत नसेल तर ट्रेलर लहान घ्यावा. मोठा ट्रेलर आणि लहान पिकअप हा मार्ग उपलब्ध नाही, हप्ता कितीही सोयीचा असो.

हुकावर भार आला की पिकअपची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागते. दोन चाकी ट्रॉली पुढून जास्त भरली की ट्रॅक्टरचे तोंड उचलते, तोच प्रकार. यावर वजन विभागणारी जोडणी असते. स्प्रिंगच्या दोन पट्ट्या ताणून हुकावरचा काही भार पुढच्या आखाकडे आणि काही ट्रेलरच्या आखांकडे परत पाठवतात. तिच्यातच घर्षणाने डुलणे रोखणारा भाग मिळतो, तो घ्यावा. पण उलाळ भरलेल्या ट्रेलरला अशी जोडणी लावणे म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर फोडणे. हौद्यात, मागच्या आखाच्या डोक्यावर जोडायचे ट्रेलरही असतात. त्यांत पहारच उरत नसल्याने ते क्वचित डुलतात, पण हौदा सगळा व्यापतात.

ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक हवेत, आणि ते हाताने लावण्याची कळ चालकाच्या आवाक्यात हवी. चहार्डीच्या कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जातात, मागची नागिणीसारखी चालते, आणि तरी बहुतेक वेळा निभावते. कारण वेग पंचवीसचा असतो. शंभरच्या वेगाला तेच वजन सोळापट ऊर्जा घेऊन येते.

डुलणे सुरू झालेच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ट्रेलरचा ब्रेक हाताने हळूच लावावा. पिकअपचा ब्रेक करकचून दाबू नये. झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवू नये. वेग वाढवून ट्रेलर सरळ ओढून काढण्याचा सल्ला देणारे मित्र असतात. त्यांना जेवायला बोलवावे, गाडीत घेऊ नये. उतारावर खालचा गिअर ठेवावा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे इकडेही कमी नाहीत. अनेर नदीच्या उतारावर त्या वर्षी काय झाले ते पुन्हा लिहीत नाही. ज्याच्या हनुवटीवर त्याची खूण आहे तो रोज दाढी करताना ती बघतो. केळीचे घड मागे रचणारा हात मात्र हाच, हे पत्र लिहिणारा. तेव्हा ट्रॉली उलाळ आहे हे कळले होते. उन्हे उतरत होती, पुन्हा कोण भरणार, म्हणून निघालो.

डेन्व्हरहून यलोस्टोनला जायचे तर वायोमिंग ओलांडावे लागते. तिथला वारा असा, की उंच आणि हलक्या गाड्यांना महामार्ग बंद करतात. बंद केला तर थांबावे, मुले कितीही रडली तरी. बंद नसला तरी वारा आडवा असेल तर थांबावे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी 55 मैलांची मर्यादा आहे. ती मर्यादा वायोमिंगमध्येही स्वतःला लावून घेता येते, त्यासाठी कायदा लागत नाही.

निघण्याआधी वजन. तिकडे ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर पुढचा आख, मागचा आख आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी मिळतात. एकदा ट्रेलर जोडून, स्प्रिंगच्या पट्ट्या सैल ठेवून, आणि एकदा नुसत्या पिकअपचे वजन करावे. पिकअपच्या दोन वजनांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. टाकी भरलेली, सामान भरलेले, माणसे बसलेली असावीत. रिकाम्या ट्रेलरची चिठ्ठी इथे चालणार नाही. दोन्ही चिठ्ठ्यांचा फोटो सूनबाईंच्या फोनवरून पाठवावा. भागाकार इथे केला जाईल. उत्तर कळेपर्यंत ट्रेलर दारातच उभा राहू दे.

आप्पा